पाचवं काज

शिंप्याच्या दुकानात आजींनी पस्तीस वर्षं एकच काम केलं, काज-बटण. कपडा कोणीही बेतो, कोणीही शिवो, शेवटी यायचा तो आजींकडेच. कोणी "बटणाचं भोक" म्हणालं की त्या तिथल्या तिथे सुनवायच्या, "भोक उंदीर पाडतो. हे काज आहे, काज!" म्हणून त्या सगळ्यांच्या काजआजी.

आता दुकान सुटलं होतं, पण बोटं थोडीच सुटणार? समोर उघडं बटण दिसलं की ती शिवशिवायची. एकदा पोस्टमन सही घ्यायला आला, तो सहीबरोबर दोन बटणं लावून घेऊनच परत गेला.

या बोटांच्या तडाख्यात सगळ्यात जास्त सापडली ती नात, चिंगी. वय पावणेपाच. तिने स्वेटरकडे नुसतं बघावं, की आजी टप टप टप करत खालच्या बटणापर्यंत पोचलेल्या. सूनबाई ओरडायची, "आई, अहो, तिचं तिला करू द्या ना!" आणि घड्याळाकडे बघून त्याच दमात, "जाऊ दे, तुम्हीच लावा, उशीर झाला!"

एक दिवस बालवाडीच्या दारात छोट्या गटाच्या ताईंनी आजींना गाठलं. ताई मोठ्या माणसांशीसुद्धा गाण्याच्या चालीतच बोलायच्या. "आजीऽऽ, आपली चिंगी किनई, हात लावायच्या आधीच 'मला नाही येऽत' म्हणते. बटण नाही, बूट नाही, डब्याचं झाकणसुद्धा नाही. मोठ्या गटात तीस मुलं आणि ताई एकच. सुट्टीआधी जमलं नाही, तर तिला अजून एक वर्ष इथेच ठेवू हंऽऽ."

घरी जाताना जिन्यात चिंगीने विचारलं, "चष्मिस जाणार आणि मी नाही?" चष्मिस म्हणजे तिचा जिवाभावाचा मित्र. आजींना त्या दिवशी जेवण गेलं नाही. दोष कोणाच्या बोटांचा, हे त्यांना दुसऱ्या कोणी सांगायला नको होतं.

बालवाडीत चित्रांची पुस्तकं ढिगाने होती. त्यातलं बदक पडायचं, उठायचं, पुन्हा पडायचं. मुलं टाळ्या वाजवायची आणि गोष्ट संपली की पाय पुढे करायची, "ताई, बूट!" आजींनी हे दोनदा बघितलं. पडायचं बदकाने, उठायचं बदकाने, पोरांच्या हाताला काम काय?

मग त्यांनी चिंध्यांचं गाठोडं सोडलं आणि कापडाचं पुस्तक शिवलं. एका अस्वलाला बाहेर जायचंय, पण कोटाची बटणं लावल्याशिवाय बाहेर जाता येत नाही. दर पानावर खराखुरा कोट, त्याला एक खरं बटण. नियम एकच, बटण लागल्याशिवाय पान उलटायचं नाही. पाच पानं झाली, सहावं कोरं होतं, तसंच आजींनी ते ताईंना दाखवायला नेलं, तर त्यांनी पुस्तक ठेवूनच घेतलं. "शेवटपर्यंत पोचायला वेळ आहे हो, आजीऽऽ! वाचायला मात्र तुम्हीच या. पण हात मांडीखाली!"

आजी रोज जायच्या. पिटुकल्या खुर्चीत, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायच्या. बटण निसटलं की अस्वलाच्या घोगऱ्या आवाजात म्हणायच्या, "हं, परत!"

चार बटणं चार दिवसांत लागली. पाचवं अडलं. कापड जाड, बटण चपटं, काज कोरं करकरीत. नवं काज घट्टच असतं. अठरा मुलांचे अंगठे त्यावर रोज घासायचे.

"पोट मोठंय त्याचं, म्हणून लागत नाही," एकाने निदान केलं.

"श्वास आत घे म्हणावं. माझे बाबा घेतात," चष्मिस म्हणाला.

चिंगीची पाळी आली की ती पुस्तक पुढे सरकवायची, "मला नाही येत." दुसऱ्या आठवड्यात सरकवायच्या आधी तिने बटणाला बोट लावलं. तिसऱ्यात दोनदा ओढून बघितलं आणि स्वतःच पुटपुटली, "हं, परत."

सुट्टीला एक दिवस उरला. ताई चाल विसरून हळूच म्हणाल्या, "आजी, काज जरा सैल करा ना. कोणाला कळतंय?"

दुपारी आजी पुस्तक घरी आणून खिडकीशी बसल्या. कात्री उघडली, काजात बोट घातलं आणि थांबल्या. काज नरम झालं होतं. कडेचा दोरा मळून गुळगुळीत झाला होता. अठरा पोरांनी रोज हरून हरून ते सैल केलं होतं. आजींनी कात्री मिटली. आता कोरं पान भरायला घ्यावं, तर दारात चिंगी कमरेवर हात ठेवून उभी. "शेवटचं पान बघतेस? फसवणूक!" पुस्तक मिटावंच लागलं.

दुसऱ्या दिवशी चिंगी बसली. बटण निसटलं. "हं, परत!" सगळा गट ओरडला. पुन्हा निसटलं. आजींच्या मांडीखालच्या बोटांना मुंग्या आल्या. तिसऱ्यांदा बटण काजात अर्धं शिरलं, अडलं आणि पलीकडे निघालं. चिंगीने त्याच्याकडे संशयाने बघितलं. मग काढलं! तिने ते पुन्हा लावलं आणि पान उलटलं.

पांढरं, कोरं पान.

सगळ्या माना पुस्तकावर वाकल्या. आजी कबुली द्यायला तोंड उघडणार, तोच चष्मिसने चष्मा वर ढकलला. "अरे, अस्वल बाहेर गेलं पण!"

"मग?" चिंगी म्हणाली. "बटणं लागल्यावर थांबेल कशाला?"

ताईंना पुन्हा चाल सापडली. "चलाऽऽ, आता मोठ्या गटात जाऊन दंगा करा हंऽऽ!"

निघताना चिंगी स्वेटर घालून पायरीवर बसली. आजी शेजारी बसल्या, हातांवर. एक बटण, "हं, परत", दुसरं बटण. बराच वेळ गेला. सूनबाई फाटकाशी येऊन उभी राहिली, तिने घड्याळाकडे बघितलं आणि तोंड मिटून घेतलं. पहिलं बटण दुसऱ्या काजात गेल्यामुळे स्वेटर एका खांद्यावर चढला, एका बाजूला लोंबू लागला.

वाटेत दुकानाच्या दारातून शिंपी हसला, "अहो काजआजी, तुमच्याच नातीची बटणं चुकली की!"

"चुकली असतील," आजी म्हणाल्या. "पण लावलीत तिने." आणि हात पाठीमागे बांधून त्या चालू लागल्या.