खडकावरच्या विहिरी

तो तपास मी विसरलेलो नाही. दुसऱ्यांनीही तो विसरू नये, म्हणून हे लिहितो आहे.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. बेळगावच्या पश्चिमेला, बेळगुंदीच्याही पलीकडे असलेल्या एका ग्रामीण ठाण्यात मी फौजदार म्हणून नुकताच बदलून आलो होतो. पोलिसात येण्याआधी मी निपाणीत तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायांच्या मोर्चांसाठी पत्रकं लिहायचो. माझी आई त्याच बायांतली. पत्रक लिहिणाऱ्याला एक सवय लागते. वाक्य छोटं ठेवायचं, आरोप थेट करायचा आणि तो समोरासमोर करायचा. खात्यात या सवयीचं कौतुक कुणी करत नाही. पण या गुन्ह्यात तिच्यामुळं एक माणूस वाचला, आणि त्याचा मला अभिमान आहे. तो लपवण्याचं कारण दिसत नाही.

नावं कुणाचीच देणार नाही. ज्यांना ओळख पटायची त्यांना पटेल.

आमच्या हद्दीत विहिरींवरच्या विजेच्या मोटरी चोरीला जात होत्या. ऐन उन्हाळा, शेतात मिरची आणि भाजी उभी. मोटर गेली की पीक डोळ्यांदेखत वाळायचं. शेतकरी ठाण्यात येऊन बाकावर बसायचे आणि उठायचेच नाहीत. वरून विचारणा झाली. मग आमच्या सर्कल साहेबांनी, म्हणजे माझ्या वरच्या इन्स्पेक्टरांनी, तपास स्वतःकडे घेतला.

साहेबांनी तालुक्याचा मोठा नकाशा ठाण्याच्या भिंतीवर लावला. प्रत्येक फिर्यादीत एक रकाना असतो. त्यात गुन्ह्याची जागा ठाण्यापासून किती अंतरावर आणि कोणत्या दिशेला आहे ते लिहितात. साहेबांनी तो रकाना घेतला, पट्टी घेतली आणि ठाण्यापासून सरळ पश्चिमेला अंतर मोजून एकेक लाल टाचणी टोचली. सगळ्या टाचण्या एका टेकडीच्या माथ्यावर दाटीनं उभ्या राहिल्या. त्या माथ्याला लागून दगडाची खाण, आणि खाणीच्या कडेला दगड फोडणाऱ्यांची झोपड्यांची वस्ती.

"बघा," साहेब म्हणाले, "नकाशा बोलतो."

त्यातच खबर आली. खबर देणारा माणूस प्रतिष्ठित होता. टेकडीपलीकडच्या खोऱ्यात त्याचं मोटर वायंडिंगचं दुकान. जळालेल्या मोटरीची तार बदलून ती पुन्हा चालू करून देणारा, अडीनडीला शेतकऱ्याला स्वतःची मोटर वापरायला देणारा. तो म्हणाला, "साहेब, त्या वस्तीत तिन्हीसांजेला वायर जाळतात. तांबं जळाल्याचा वास मला बरोबर कळतो."

एवढं पुरलं. साहेबांनी वस्तीवर छापा घातला. तांब्याच्या तारेचं एक भेंडोळं सापडलं आणि वस्तीचा कारभार बघणारा पन्नाशीचा दगडफोड्या बेड्या घालून बाजारातून चालवत ठाण्यात आणला. त्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. कोर्टानं सोमवारपर्यंत पोलीस कोठडी दिली. सोमवारी त्याच्यावर दोषारोपाची तयारी आणि वस्ती गायरानातून उठवावी असं पत्र तहसीलदारांकडे, असा साहेबांचा बेत होता. मी हजर झालो ते याच आठवड्यात.

कोठडीत मी त्याला पहिल्यांदा भेटलो तेव्हा तो भिंतीकडं तोंड करून बसला होता.

"अण्णा, तार कुठली?" मी विचारलं.

"सुरुंगाची." त्यानं मान वळवली नाही. "खाणीत बार उडवत्यात, त्येची वायर उरती. पोरं गोळा करत्यात. जाळून भंगारवाल्याला देतो. लई जणांला सांगितलं. तुम्ही कितवं?"

"मोटर चोरलीस का?"

आता तो वळला. "सायब, माझ्या झोपडीत दिवा न्हाय. मोटर घेऊन काय, मांडीवर खेळवू?"

दारावरचा शिपाई हसला. मला हसू आलं नाही, कारण मी तोवर मुद्देमालातलं भेंडोळं हातात घेऊन बघितलं होतं. ती तार शिवणाच्या दोऱ्याएवढी बारीक होती. मोटरीच्या आतली तार अशी नसते. हे कळायला इंजिनिअर लागत नाही, फक्त भेंडोळं पिशवीतून बाहेर काढावं लागतं. ते कुणी काढलं नव्हतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकल घेऊन टाचण्यांच्या जागी गेलो. टेकडीचा माथा म्हणजे नुसता काळा खडक. गवतसुद्धा फटीफटीतून वर आलेलं. एक म्हातारी शेळ्या चारत होती.

"आजी, हितं विहिरी कुठं आहेत?"

तिनं मला टोपीपासून बुटापर्यंत बघून घेतलं. "विहीर? हितं?"

"मोटर चोरीला गेलेल्या विहिरी."

"आरं लेकरा, प्यायाचं पाणी आमी खालनं डोक्यावर आणतो. ह्या दगडात विहीर कोण पाडंल? तुझा सायब?" शेळीला एक शिवी हासडून ती पुढं म्हणाली, "विहिरी खाली खोऱ्यात. रस्ता टेकडीला वळसा घालून जातोय बघ."

मी वळून बघितलं. ठाण्यापासून रस्ता पश्चिमेला निघत होता हे खरं. पण टेकडीच्या पायथ्याला तो दक्षिणेकडं वळत होता आणि वळसा घेत मागच्या खोऱ्यात उतरत होता. माणूस ठाण्यातून पश्चिमेचा रस्ता धरून चार मैल जातो आणि पोचतो दक्षिणेला. कागदावर लिहिलं जातं: पश्चिम, चार मैल. साहेबांनी पट्टी सरळ धरली होती. पट्टीला वळण माहीत नसतं.

ठाण्यात येऊन मी हवालदारांना गाठलं. चोरीच्या जागेचे पंचनामे त्यांनीच केले होते.

"आप्पा, तुम्ही त्या विहिरींवर गेलता ना?"

"व्हय तर. सगळ्यांवर."

"खडकावर होत्या?"

"न्हाय, खोऱ्यात."

"मग टाचण्या वर टोचत होते तेव्हा बोलला का नाही?"

हवालदार खिडकीबाहेर बघू लागले. "साहेबांनी एवढा नकाशा केला. वरचे अधिकारी येऊन वाहवा करून गेले. माझी पेन्शन दोन वर्षांवर आली हाय. मी कशाला तोंड उघडू?"

मला संताप आला, आणि तो मी आजही मागं घेत नाही. एका माणसाला माहीत होतं, तो गप्प बसला. दुसऱ्याला बघायला जाता आलं असतं, तो गेला नाही. आणि कोठडीत तिसराच!

मी तडक साहेबांसमोर उभा राहिलो. आमचं बोलणं कन्नडमध्ये झालं, इथं मराठीत देतो.

"साहेब, या टाचण्यांच्या जागी विहिरी नाहीत. खडक आहे."

"नकाशा सरकारी आहे."

"नकाशा बरोबर आहे साहेब. टाचण्या चुकल्यात. रकान्यात रस्त्याचं अंतर आहे, आपण हवेतून मोजलंय."

"तू पत्रकं लिहायचास ना?" साहेब शांतपणे म्हणाले. "वाटलंच मला."

"लिहायचो. त्यातही खोटं लिहीत नव्हतो."

साहेबांनी टेबलावरची पट्टी खणात टाकली. मग म्हणाले, "सोमवारपर्यंत दुसरा चोर आण. नाहीतर हाच चोर."

साहेब जेवायला गेल्यावर मी टेबलावर चढलो. एक दोरा घेतला आणि नकाशातल्या रस्त्याच्या रेषेवरून, प्रत्येक वळणाला बोटानं दाबत, तो ठाण्यापासून पुढं नेला. फिर्यादीतलं अंतर जिथं संपलं तिथं टाचणी. हवालदार खाली उभे राहून टाचण्या देत होते. प्रत्येक जागा बरोबर आहे की नाही ते आता स्वतःहून सांगत होते. "थोडी खाली घ्या. आंब्याच्या झाडाखालची ती. हां, हितं." टेकडीचा माथा रिकामा झाला. सगळ्या टाचण्या खोऱ्यातल्या एका रस्त्याकडेला लागल्या.

पण टाचणी बघून चोर सापडत नाही. एकदा फसलेल्या नकाशावर मी डोळे मिटून विसंबणार नव्हतो. दुपारी हवालदारांना घेऊन तो रस्ता पायी चाललो. चढावर त्यांना दम लागला. एका बांधावर बसून ते म्हणाले, "साहेब, परत येताना जरा बरं. उतार हाय."

"चोरी झालेल्या विहिरी कुठल्या?"

"ह्या काय, सगळ्या वरच्या अंगाच्या."

"आणि खालच्या अंगाला?"

"तितंबी विहिरी हायत. मोटरी जागेवर हायत."

वर, खाली मोटरी त्याच. राखण कुठंच नाही. मग चोर वरच्याच का नेत होता? मोटर जड असते. दोघं-तिघं असते तर चढ-उतार बघितला नसता. हा माणूस एकटा होता, त्याच्याकडं हातगाडी होती आणि त्याला ओझं घेऊन चढायचं नव्हतं. वरून माल उताराला लावायचा आणि आपलं ठिकाण आलं की थांबायचं.

चोरीच्या विहिरी संपतात तिथं, उताराच्या मध्यावर, वायंडिंगचं दुकान होतं. दुकानाशेजारी दोन चाकांची हातगाडी टेकून उभी होती.

हवालदारांच्या तोंडून एकच शब्द निघाला, तो इथं छापण्यासारखा नाही.

रविवारी सकाळी मी दोन पंच घेऊन दुकानाची झडती घेतली. मोटरी भरपूर होत्या, उघड्यावर, ताज्या हिरव्या रंगात रंगवलेल्या. कंपनीच्या नावाचा पत्रा एकीवरही नव्हता. दुकानदार चहा मागवत होता.

"साहेब, दुरुस्तीला आलेल्या आहेत. गिऱ्हाइकांच्या."

"कुठली गिऱ्हाइकं?"

"लांबची. निपाणीकडची, कोल्हापूरकडची. सगळी कुठं आठवणार?"

मोटरीवर मालकाचं नाव नसतं. पंच माझ्याकडं बघू लागले. पण आदल्या दिवशी विहिरी बघताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. मोटर सिमेंटच्या चौथऱ्यावर बसते. चौथऱ्यातून चार बोल्ट वर आलेले असतात. गावातला गवंडी ते अंदाजानं पुरतो. एक वाकडा, एक बाहेर. मग मोटर बसेना म्हणून तिच्या पायांची भोकं कानशीनं घासून वाढवायची. प्रत्येक चौथरा वेगळा, आणि त्याच्यासाठी घासलेली मोटरही वेगळी.

मी गावातून बैलगाडी मागवली. मोटरी तिच्यात चढवल्या, दुकानदाराला सोबत घेतलं आणि खोऱ्याच्या वरच्या अंगाला निघालो. शेतकरी बातमी ऐकून गोळा होत होते. मागून पोरंबाळं.

पहिल्या विहिरीवर पहिली मोटर ठेवली. बसली नाही.

"बघा साहेब," दुकानदार पंचांकडं बघून हसला, "उगाच उन्हात बैलांना तरास."

दुसरी ठेवली. बसली नाही. तिसरी चौघांनी उचलून खाली सोडली आणि चारही बोल्ट भोकांतून एकदम वर आले. वाकडासुद्धा. विहिरीचा मालक जमिनीवर उकिडवा बसून बोल्टवर बोट फिरवत राहिला. "माझीच हाय ही," तो म्हणाला. "हे भोक मी स्वता घासलंय. हात सोलून निघालाता."

गर्दीत कुणीतरी शिट्टी मारली. पुढच्या विहिरीवर दुसरी बसली. त्याच्या पुढच्या विहिरीवर पहिली.

"साहेब, सगळ्या मोटरींचे पाय सारखेच असतात," दुकानदार म्हणाला. आवाज बदलला होता.

"मग ही मघाशी पहिल्या विहिरीवर का नाही बसली?"

मी त्याला ठाण्यात आणला.

माझ्या ठाण्यात माझ्यासमोर कुणाला मारायचं नाही, हे मी हजर झालो त्याच दिवशी सांगितलं होतं. मारायची गरजही पडली नाही. त्याला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं.

"खालच्या अंगाच्या मोटरी का सोडल्यास?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मला हे कुठून कळलं तेच त्याला समजेना. तो म्हणाला, "चढावर एकट्याला ढकलत न्हाय साहेब."

झालं. पुढचा कबुलीजबाब ओघानं आला. फ्यूज काढायचा, मोटर सोडवायची, पत्रा काढून रंग द्यायचा आणि जुनी दुरुस्त मोटर म्हणून लांब विकायची. ज्याची चोरली त्यालाच वापरायला दुसरी द्यायची आणि त्याचे आशीर्वाद घ्यायचे. संशय फिरू लागला तेव्हा बोट कुणाकडं दाखवायचं हे त्याला शिकवावं लागलं नाही. खाणीच्या वस्तीकडं बोट दाखवलं की सगळे विश्वास ठेवतात, हे त्याला ठाऊक होतं. या एका बाबतीत तो आणि आमचं ठाणं एकाच शाळेतले होते.

सोमवारी मी कोर्टात अहवाल दिला आणि दगडफोड्या सुटला. तहसीलदारांना लिहिलेलं पत्र साहेबांनी फाडलं. तेवढं त्यांनी न सांगता केलं, हेही नोंदवतो.

सुटका झाली तरी तो माणूस ठाण्याच्या पायरीवर बसून राहिला.

"अण्णा, घरी जा की."

"जातो." तो उठला नाही. "मला बेड्या घालून बाजारातनं आणलं, तवा समद्यांनी बघितलं. सोडलं, ते कुणी बघितलं?"

मी म्हणालो, "परवा बाजार आहे ना? या."

बुधवारी भर बाजारात मी गणवेश घालून त्याच्याबरोबर चाललो. ज्या रस्त्यानं त्याला आणला त्याच रस्त्यानं, भाजीवाल्यांच्या मधून, उलट दिशेनं. हवालदार न बोलावता मागून आले. चावडीच्या कट्ट्यावर चढून मी ओरडून सांगितलं, "ह्या माणसानं चोरी केलेली नाही. पोलिसांनी चुकीचा माणूस धरला होता. मोटरी मिळाल्यात, चोर मिळालाय, आणि खाणीची वस्ती कुठंही जाणार नाही."

गर्दीतून एक म्हातारा म्हणाला, "पोलीस चुकलं म्हणतोय? आरं, ह्यो फौजदार नवीन दिसतोय."

लोक हसले. दगडफोड्याही हसला. मग त्यानं खांद्यावरचं धोतराचं पान झटकलं, तिथंच एका बाईकडून मिरच्या घेतल्या, भावावरून तिच्याशी भांडला आणि सगळ्यांच्या देखत टेकडीकडं चालू लागला.

पुढं नोकरीत बढत्या मिळाल्या, शाबासक्याही मिळाल्या. पण मला कुणी विचारलं की पोलीस म्हणून तुम्ही काय केलं, तर मी त्या बाजाराचं सांगतो. त्या तपासानं मला दोन गोष्टी शिकवल्या. कागदावर खूण करण्याआधी त्या जागेवर जाऊन उभं राहायचं. आणि ज्याला चारचौघांत धरला, त्याला सोडायचंही चारचौघांतच. पहिली गोष्ट मी खात्यातल्या पुष्कळ पोरांना शिकवू शकलो. दुसरीसाठी मात्र आजही भांडतो आहे.