आधी मास्क, मग ऑपरेशन

कारंजाच्या अंगुरीबाई घरच्या साड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकापुढं घडी उलगडता उलगडताच पेंगायच्या. वजन एकशे अठरा किलो. मंदिरात प्रवचन चालू असताना एकदा इतक्या घोरल्या, की बायकांनी पदर तोंडाला लावले. त्यानंतर त्या आणि धाकटी जाऊ टीना, दोघी वजन उतरवण्याच्या ऑपरेशनसाठी अकोल्याच्या डॉक्टरांकडं गेल्या. टीनाही काही बारीक नव्हती.

दोघींची झोपेची तपासणी झाली. टीनाची साफ निघाली. अंगुरीबाईंचा श्वास मात्र झोपेत तासाला चाळीसदा अडकत होता.

"अशात भूल देणं धोक्याचं," डॉक्टर म्हणाले. "दोन महिने रोज मास्क लावून झोपा. मशीनच्या हवेनं श्वास अडकणार नाही. मग ऑपरेशन करू."

"अन् टीनाचं?"

"त्यांचं पुढच्या महिन्यात."

परतताना अंगुरीबाईंनी मास्कची पिशवी गाडीत मागच्या सीटवर टाकली.

टीनाचं ऑपरेशन झालं. तिचे ब्लाउज ढिले पडत गेले. गिऱ्हाइकं म्हणू लागली, "टीनाताई, तुमीच नेसून दाखवा." अंगुरीबाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "केस गळून राह्यले तुये," एवढंच त्या जावेला ऐकवायच्या. टीना वाटीभर वरणाच्या पाण्यावर जेवण आटोपते, हे दिसायचं. पण दया यायची नाही. मास्क कपाटात पडून होता. टीनानं विचारलं, की म्हणायच्या, "लावतो ना रोज!"

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी मशीनमधली नोंद पाहिली. साठ रात्रींत मास्क लागला होता फक्त नऊदा. ऑपरेशन पुढं गेलं.

"टीनाले नाही थांबवलं तुमी!"

"त्यांचा श्वास अडकत असता, तर त्यांनाही थांबवलं असतं."

घरी टीनाला कळलं. "भाभी, खोटं कायले बोलल्या?"

"तुले काय? तुयं तं झालं."

"झालं. टेबलावर मले किती भेव लागलं, माहीत आहे? चार दिवस दवाखान्यात होती मी. तुमी एकदाही आल्या नाही."

त्या रात्री अंगुरीबाईंनी कपाटातून मास्क काढला. त्या दिवसापासून मास्क लागला. लाजेनं की इरेनं, त्यांनाही सांगता आलं नसतं. पहिला आठवडा नाकावर वळ उठले. मग सकाळची डोकेदुखी गेली. दिवाळीच्या गर्दीत टीना दुपारीच थकून बसली. अंगुरीबाई मात्र दिवसभर उभ्या होत्या आणि एकदाही पेंगल्या नाहीत. त्याचा त्यांना जरा जास्तच आनंद झाला.

जानेवारीत त्यांचं ऑपरेशन नीट पार पडलं. टीना चारही दिवस खाटेशी बसून होती. महिन्यानं काट्यावर नऊ किलो कमी दिसले.

"तुयं पहिल्या महिन्यात किती उतरलं होतं व?" अंगुरीबाईंनी विचारलं.

"आठ," टीना म्हणाली.

बारा उतरलं होतं. अंगुरीबाईंनी तेव्हा टीनाचा वजनाचा कागद चोरून वाचला होता. त्या जावेचा हात धरून काट्यावरून खाली उतरल्या.