गोडंबीच्या शेडातली चूळ

माझ्या लेकीनं दूध ओकलं आनी शेडाच्या मालकिनीनं, अक्कानं, त्या ओकलेल्या दुधात बोट घालायला लावलं.

शेडात. सगळ्या बायांम्होरं. सांजच्याला सुटायची येळ, आमी समद्या रांगंत उभ्या, हात राखंनं माखलेले, पोरगी माझ्या खांद्यावर, आनी तिनं भळकन दूध ओकलं. माझ्या साडीवर पडलं, थोडं खाली फरशीवर पडलं. दह्यावानी फुटलेलं, पांढऱ्या कन्या कन्या. तान्ह्या लेकराचं दूध तसंच पडतंय. ज्यांना लेकरं झाली त्यांना ठाव हाय. अक्कालाबी ठाव हाय, तिचीबी लेकरं झालीत.

पन ती वाकली, बघितली आनी म्हनली, "ह्ये दूध न्हाई. ही गोडंबी हाय."

मी म्हनलं, "अक्का, माझं दूध हाय ओ ते."

"तू चावून चारली आसशील पोरीला. चोळून बघा की. दूध आसंल तर इरघळंल, गोडंबी आसंल तर बोटाला तेल लागंल."

मी खाली बसाय गेले तर म्हनली, "तू न्हाई. तू दूधच म्हनशील. मुकादमीन बघंल."

मुकादमीन म्हंजी माझी सासू. आत्या म्हनते मी तिला.

आत्या खाली बसली. माझ्याकडं बघितली न्हाई. माझ्या लेकीच्या पोटातून आलेलं ते दोन बोटांत धरून चोळली, नाकाला लावली, म्हनली, "दूधच हाय अक्का."

"नात हाय म्हनून सांगू नको. परत बघ."

आनी आत्यानं परत चोळलं. पहिल्या बारीला मला राग आला न्हाई, शरम वाटली नुसती. दुसऱ्या बारीला माझ्या आत कायतरी तुटलं. कारन आत्याला ठाव हुतं. पहिल्याच बारीला ठाव हुतं. तरी तिनं परत चोळलं.

आता कुनाला ठाव नसंल तर सांगते. गोडंबी म्हंजी बिब्याच्या आतला गर. आमच्या हिकडं लाल मातीच्या माळावर, डोंगरावर बिब्याची झाडं हायत. थंडीत बिब्बे पडतेत, येचायचे, वाळवायचे, आनी मग शेडात बसून दगडावर एक एक ठिवून फोडायचे. वरच्या सालीत काळं तेल असतंय. ते अंगाला लागलं की कातडं उततंय, फोड येतेत, डोळे सुजून बंद हुतेत. म्हनून हाताला राख लावायची. तरीबी लागतंय. माझ्या मनगटावर हे काळे डाग हायत ते जानार न्हाईत आता. फोडून झालं की निवडायचं. अख्खी एकीकडं, फाकी एकीकडं, तेलाचा डाग पडलेली एकीकडं. अख्खी गोडंबी पांढरीफेक, लई महाग. बाळंतिनीच्या डिंकाच्या लाडवात घालतेत. दूध येतंय म्हनतेत त्यानं. कंबर भरती म्हनतेत.

त्या येळंला अक्काची लेक कलबुर्गीहून बाळंतपनाला आल्ती. तिच्या लाडवाची गोडंबी मीच निवडायलते. अक्कानंच मला बसीवलं हुतं त्या कामाला, तुझी नजर चांगली हाय म्हनून. म्हनून तर तिचा डोळा माझ्यावर.

आनी ती चूळ. ती शेडाची रीतच, कुनी गोडंबी खाल्ली का ते बघायची. सुटायच्या येळंला रांगंत उभं ऱ्हायचं, आत्या वरून पानी वतनार, तोंडात घ्यायचं, खळखळ करायचं आनी काळ्या घमेल्यात थुकायचं. पांढरं कायबी पडलं की दिसावं म्हनून घमेलं काळं. मग आत्या म्हननार, "बाय तेगी." तोंड उघड. घरी आत्या मराठीच बोलती, पन शेडात हे येवढं कानडीत म्हनायची. अक्का घरात कानडी बोलती म्हनून आसंल. मोबाईलच्या टारचीनं जिभंखाली, दाढंत बघायची. अक्का लांब खुर्चीवर बसून बघायची.

सोजरबाई आमच्यात वयानं थोरली, तिच्या तोंडाला कुलूप न्हाई. ती म्हनायची, "आगं, आमच्या म्हाताऱ्यानं उभ्या जल्मात माझं तोंड येवढं निरखून बघितलं न्हाई, अक्का मातूर रोज बघायली." सगळ्या हसायच्या. मीबी हसायचे. हसायचं आनी थुकायचं. लग्न करून निंबर्ग्याहून आले तवापासून मी हेच बघितलं, मला वाटलं सगळीकडंच आसंच असंल.

त्या दिशी घरी जाताना आत्या म्होरं, मी मागं. पोरगी झोपलेली. वढ्यापशी आत्या थांबली आनी म्हनली, "मनात धरू नको. मी न्हाई केलं आसतं तर दोघींचंबी काम गेलं आसतं."

"दुसऱ्यांदा कामून चोळलाव?"

"तिनं सांगितलं म्हनून."

"ती उद्या अजून कायतर सांगंल."

आत्या म्हनली, "तुझा नवरा हैदराबादला सेंट्रिंगवर. कवा काम आसतंय कवा नसतंय. तू चार बुकं शिकलीस म्हनून तुला लई कळतंय व्हय?"

मी पोरगी दुसऱ्या खांद्यावर घेतली आनी वढा वलांडला. खरं म्हंजी मला भ्या वाटायलतं. मला भ्या लई वाटतंय, लहानपनापासून. शाळंतबी गुरुजींनी नाव घेतलं की मी रडायचे, म्हनून तर शाळा सुटली. पन त्या दिशी भाकरी थापताना माझ्या मनात एकच. मी सारखं म्हनायलते, मी खाल्ली न्हाई, मी चारली न्हाई. आनी मधीच वाटलं, आनी खाल्ली आसती तर? बाळंतीन तर मीबी हाय. अक्काच्या लेकीला लाडू, आनी माझ्या दुधाला बोट? माझ्या लेकरानं वाडग्यातनं न्हाई, माझ्या अंगातनं पिलं, तेबी तपासायचं? हे माझ्या डोस्क्यात कवा आलंच नव्हतं. तवा तव्यावरची भाकर करपली तरी मला कळलं न्हाई.

दुसऱ्या दिशी शेड सुटायच्या येळंला अक्का खुर्चीवरून उठून आली. म्हनली, "आजपासून लेकरांचीबी तोंडं बघायची."

लेकरं म्हंजी कोन? शेडात तान्हं लेकरू माझं एकटंच हुतं.

सोजरबाई हसली न्हाई त्या दिशी. कुनीच न्हाई. रांग सरकायली. खळखळ, थू. बाय तेगी. खळखळ, थू. पोरगी पदरात पीत हुती, तिला काय ठाव. माझी पाळी आली. आत्याच्या एका हातात तांब्या, एका हातात मोबाईल. तिनं तांब्या खाली ठिवला आनी पोरीच्या गालाला हात लावला. त्याच बोटांनी. बिब्बा भरलेली बोटं, राख लागलेली. गाल दाबली की लेकराचं तोंड उघडतंय, बघा. पोरीनं थान सोडलं आनी वरडाय लागली.

"बाय तेगी," आत्या म्हनली. सा म्हयन्याच्या लेकराला.

मी तिचं मनगट धरलं. कसं धरलं ठाव न्हाई. "आत्या, हात काढा. उततंय तिला."

अक्का म्हनली, "खाल्लं न्हाई तर भ्या कशाचं?"

मी म्हनलं, "मला भ्याच वाटायलंय अक्का. तुमचं लई भ्या वाटतंय. पन हिचं तोंड कुनी उघडायचं न्हाई. आनी माझंबी न्हाई. मी चूळ भरनार न्हाई."

येवढंच. माझा आवाज इतका बारीक निघाला की मागच्या बायांना आयकूबी गेला नसंल. अक्का म्हनली, "मग उद्या येऊ नको." मी तोंड मिटून फाटकातनं भाईर आले. मला वाटलं मागनं कुनीतरी यील. सोजरबाई तरी यील. मी वळून बघितलं तर ती घमेल्यावर वाकली हुती.

पोरीच्या गालावर दोन फोड उठले. डावीकडं एक, उजवीकडं एक, बोटं जिथं टेकली तिथं. मी खोबरेल लावत बसायचे. आत्या लांबून बघायची. माझ्याशी बोलायची न्हाई, सकाळी उठायची, डबा घ्यायची, शेडाला जायची. नवरा फोनवर म्हनला, "माफी माग जा, कामून येवढं तानायलीस?" मी म्हनलं, "तुमच्या लेकीचं तोंड गुरावानी उघडत हुते." मग म्हनला, "सगळेच सोसायलेत." फोन ठिवला.

आठ-पंधरा दिस झाले आसतील. निवडायला कुनाची नजर बसंना झाली, डागी गोडंबी अख्खीत जायली, वरून येपारी वरडायला. तवा अक्कानं निरोप धाडला. कुनाच्या हाती? आत्याच्याच.

आत्या चुलीपशी बसली. कितीक दिसांनी माझ्याशी बोलली. "अक्का बलवायली. तुला सूट देती म्हनली. चूळ नको, पोरीला हात लावनार न्हाई. फकस्त सगळ्या गेल्यावर मागनं निघायचं. बाकीच्यांना दिसाय नको."

माझ्या डोळ्यांत पानी आलं. खरं सांगते, आधी आनंदच झाला. पोरीचं दूध आटायलतं, घरात डाळ नव्हती. मी व्हय म्हननारच हुते. तोंडापतुर आलं हुतं.

मग मी इचारलं, "आनी तुमी?"

"मी काय?"

"तुमी सगळ्यांची तोंडं बघत ऱ्हानार? सोजरबाईचं बघनार, आनी माझं न्हाई?"

आत्यानं तिचे हात पदराखाली घेतले. मला तवा कळलं, आत्याचंबी तोंड कुनीतरी बघितलं आसंल, लई वर्सं, म्हनून तर ती तांब्या धरायला राजी झाली. तांब्या धरनारीला चूळ भरावी लागत न्हाई. तशीच सूट. तशीच. आज मी घेतली तर उद्या तो तांब्या माझ्या हातात येनार.

"सांगा अक्काला," मी म्हनलं, "एकटीची सूट मला नको."

"उपाशी मरशील."

"मरनार न्हाई."

आत्या उठून गेली. तिनं निरोप सांगितला का न्हाई मला ठाव न्हाई.

आता मी माळावर बिब्बे येचते. पोरीला झाडाखाली फडक्यावर ठिवते, हात धुतल्याबिगर घेत न्हाई. घरी फोडते, बाजारात इकते. इकत घेनारे भाव पाडून मागतेत, त्यांना ठाव हाय मी कुठनं निघाले. पोट भरत न्हाई. भरतंय म्हनून मी खोटं बोलनार न्हाई.

पन आज सांजच्याला मी शेडावर जानार हाय. कामाला न्हाई. फाटकाच्या म्होरं सडक हाय, सडक कुनाच्या बापाची न्हाई. तिथं लेकीला घिऊन बसनार. रांग लागताना बसनार, बाया थुकताना बसनार, आत्या बाय तेगी म्हनंल तवा तिच्याकडं बघत बसनार. भ्या वाटंल. वाटू दे. अक्का मानसं धाडंल, धाडू दे. रोज बसनार. एक बाई तोंड मिटून फाटकातनं भाईर आली की मी तिच्यासाठी जागा सरकून दीन, आनी दुसरीची वाट बघत परत तिथंच बसन.