झाकणाच्या जाळ्या

मधपेटी शिकायला कुणी आलं की मी झाकणापासून सुरुवात करते. बाकीचे पायांपासून करतात. करू देत.

पेटी तशी सोपी. चार पायांचं स्टँड, मुंग्या अडवायला पायांखाली पाण्याच्या वाट्या. त्यावर तळाची फळी, तिथेच माश्यांचं दार. खालच्या मोठ्या खणात राणी आणि पिल्लं, वरच्या लहान खणात मध. दोन्हीत लाकडी चौकटी, चौकटींत मेणाची पोळी. आपण हात लावायचा तो वरच्या मधाला; खालचा त्यांचा संसार. सगळ्यावर झाकण, आणि झाकणाला जाळी लावलेली दोन भोकं.

ती भोकं मला पहिल्याच दिवशी खटकली. उदगीरजवळच्या आमच्या गावात कणगी लिंपावी तर मीच. शेणमातीचा असा हात फिरवते की ज्वारीला वर्षभर किडा शिवत नाही. हे सासूबाईंनी शिकवलेलं. त्याच जोरावर, प्रशिक्षणात ऐकलेलं बाजूला ठेवून, मी दोन्ही जाळ्या लिंपून टाकल्या. वर स्वतःवर खूशही झाले.

पेटी एकच होती. सासूबाईंनी बजावलं होतं, "ह्या माश्या पळाल्या तर दुसऱ्या पेटीचं नाव काढू नको."

उन्हाळी सूर्यफूल फुललं होतं. तिसऱ्या दुपारी पाहते तर माश्या आत जाईनात, दाराबाहेर घोस धरून लटकलेल्या. आमच्या पेटीतली ही सातेरी जातीची माशी एकदा वैतागून उठली की परत येत नाही, हे मला पाठ होतं. मी सासूबाईंना हाक मारली.

सासूबाईंनी झाकणावर तळवा ठेवला. "अगं, लई तापलंय की हे! कणगीत दाणे असतेत, ह्यात जीव हायेत. तोंड कशाला दाबलंस त्यांचं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खुरपं उचललं, तर त्यांनी ते काढून घेतलं. "हादरा बसंल." एरवी माशी दिसली की लांब पळणारी ही बाई तोंडावर पदर घेऊन वाकली, लिंपण पाण्यानं भिजवलं आणि नखांनी सोलून काढलं. दोन डंख बसले. "लिंपायला मीच शिकविलं, काढायला बी मीच पायजे."

मग सुजलेला हात मांडीवर घेऊन त्या बांधावर बसून राहिल्या. ऊन उतरलं तशा माश्या आत जाऊ लागल्या. शेवटची आत गेल्यावर त्या उठल्या.

"दुसरी पेटी आणशील तवा," म्हणाल्या, "झाकण मला दाखवून लाव."