वायरवाल्या नर्सबाई

संध्याकाळच्या उमरगा एसटीत एक नर्सबाई नेहमी भेटतात. लेकानं दिलेला भारीतला फोन त्यांनी परत केला, कारण त्यात हेडफोनची पिन घालायला जागाच नव्हती.

"बिनवायरीचे घ्या की," मी म्हणालो.

"कानातनं पडलं तर एवढ्या गर्दीत हुडकू कुठं?"

गाणी ऐकताना त्या मोठ्यानं गुणगुणतात. कुणी हसलं तरी थांबत न्हाईत.

परवा नवऱ्याला दवाखान्यात ठेवून एकटीच गावी निघालेली म्हातारी त्यांच्या शेजारी बसली होती. सारखी डोळे पुसत होती. बाईंनी वायरीचं एक टोक तिच्यापुढं धरलं.

"ऐका जरा, आक्का."

ऐकता ऐकता म्हातारी त्यांच्या खांद्यावर झोपली.

अणदूर आलं. कंडक्टरनं बाईंना उतरायला हाक मारली. त्यांनी न हलता पुढचं तिकीट मागितलं.