चार बोटं काळी माती

लोटन आबाच्या शेताला माझा बांध लागून आहे, त्यामुळं ही गोष्ट सांगायचा पहिला हक्क माझा. आमचं गाव दोंडाईचापासून दोन कोसांवर. जमीन मुरमाड. फाळ चार बोटं खाली गेला की खर्र वाजतो. तशी आहे म्हणून आम्ही बाजरी पेरतो, भुईमूग काढतो आणि गप्प राहतो. लोटन मात्र जन्मभर तिला लाजला. स्वतःच्या लग्नाच्या वेळी या गड्यानं सासऱ्याला नाल्याकाठचं दुसऱ्याचं काळंभोर रान आपलं म्हणून दाखवलं होतं.

बायकोला, प्रमिलाबाईला, खरं काय ते आठ दिवसांत कळलं. ती रडली नाही. तिनं कुदळ घेतली, त्याच मुरमात खड्डे खणून बत्तीस सीताफळं लावली आणि डोक्यावरून पाणी वाहून दोन उन्हाळे जगवली. पुढं दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर तिच्या पाट्या दोंडाईचाच्या स्टेशनाबाहेर उतरायच्या आणि दुपारच्या आत रिकाम्या व्हायच्या. चार वर्षांपूर्वी ती गेली. झाडं फळं देत राहिली.

पोरगा नवल, त्यानं धुळ्याला जाऊन माती तपासून आणली. कागदावर स्वच्छ लिहिलं होतं: उथळ, मुरमाड, पाण्याचा निचरा उत्तम, केळीला अयोग्य, सीताफळ-लिंबाला योग्य. लोटननं तो कागद नापासाची गुणपत्रिका लपवावी तसा डब्याखाली दाबून टाकला.

नवल चौतिसाचा झाला. शेतकऱ्याला पोरगी द्यायला आजकाल कोण बसलंय? अकरा ठिकाणं आली नि गेली. बारावं यावलकडून आलं, केळीवाल्यांच्या घरची मुलगी, सुलक्षणा. मध्यस्थाचा निरोप आला की आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की माणसं येतील, घर बघतील आणि शेतही बघतील.

झालं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथं बाशिंग बापाच्या गुडघ्याला. लोटन माझ्याकडं आला नि म्हणाला, "त्या केळीवाला लोके शेतस, जीवराम. त्यासले हाऊ मुरूम दखाडू का?" तळ्यातला गाळ आणून अख्ख्या शेतावर पसरायचा, असा बेत. बरं, पसर बाबा. पण सीताफळं? उन्हाळ्यात त्या झाडांवर पान राहत नाही, नुसते खराटे उभे असतात. लोटनला त्यांचीही लाज. "या वाळेल काड्या दखीसन पोरगी कोन दी?" म्हणाला.

मी म्हटलं, "अक्कल गहाण टाकलीस का रे?" एवढं म्हटलं आणि ट्रॅक्टर दिला. शेजारधर्म म्हणे. माझ्याही तोंडात शेण घातलं पाहिजे.

ट्रॅक्टरवर नवल बसला. आईच्या झाडांना साखळी त्यानंच बांधली आणि बत्तीसच्या बत्तीस उपटली. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं तर म्हणतो, "आबांपुढं काय बोलू, जीवरामभाऊ?" चौतीस वर्षांचा घोडा. मिशीला पीळ आणि बापापुढं वाचा बसलेली.

गाळ पडला, वर टँकरनं पाणी मारलं, उन्हानं आठवड्यात छान भेगा पडल्या. शेत काळं दिसायला लागलं. पी हळद, हो गोरी. लोटन धुतलेली टोपी घालून दिवसातून दहादा बांधावर फिरायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवायचा.

पाहुणे आले. मुलीचे वडील, सुलक्षणा आणि तिची आत्या इंदिराबाई. आत्या म्हणजे पन्नास वर्षं निंदणी केलेली बाई. चहा-पोहे आटोपून सगळे शेतावर आले. "बठ्ठी काळी जमीन शे," लोटन म्हणाला. "सगळी, वाडवडिलांपासून."

आत्यानं चपला काढल्या, अनवाणी चार पावलं टाकली आणि एका भेगेपाशी बसली. "आमच्याकडं उन्हाळ्यात काळ्या रानाच्या भेगेत हात कोपरापर्यंत जातो," असं म्हणत तिनं हात घातला. बोटांच्या पेरांवरच अडला. बाहेर काढला तेव्हा नखांत तांबडे खडे होते.

ती रागावली नाही, याचंच मला आश्चर्य वाटलं. म्हणाली, "भाऊ, मुरूम आहे हे मध्यस्थानं आम्हाला आधीच सांगितलं होतं. काळी जमीन आमच्याकडं हवी तेवढी आहे, पाणी तुंबलं की केळी सडते तिथं. आमच्या पोरीनं सीताफळाचा गर काढून विकायचं शिक्षण घेतलंय. बत्तीस झाडं आहेत ऐकून तीच म्हणाली, जाऊ या. कुठं आहेत ती?"

लोटन खाली बघायला लागला. त्याची जुनी सवय.

सुलक्षणानं बांधाकडेला पडलेली खोडं बघितली. मग सरळ नवलला विचारलं, "तुमच्या आईनं लावलेली ना? कुणी तोडली?"

नवलनं बापाकडं बघितलं. ती थांबली. चांगली थांबली, मला वाटलं हा आता तरी बोलेल. खरं बोलला असता, "मी तोडली, चुकलो, पुन्हा लावू," एवढंच, तर ती पोरगी हो म्हणाली असती, पैज लावतो. तो बापाकडंच बघत राहिला. "आत्या, चला," ती म्हणाली.

गाडीचा धुरळा बसला. आम्ही तिघं बांधावर उभे. लोटननं मान वर केली.

"जीवराम," म्हणाला, "गाळ आखीन चार बोट टाकाले पाहिजे व्हता."