यहुद्याचा खांदा

चामोर्शीकडच्या त्या गावात इसरूभाऊ दिसला की पोरं लांबून "यहुदी, यहुदी!" ओरडायची. वर्षभर तळ्यात जाळं टाकणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा हा माणूस. पण गुड फ्रायडेच्या दुपारी चर्चच्या आवारातल्या नाटकात तो यहुद्यांचा मोठा पुजारी व्हायचा. झाडीपट्टीच्या नाटकात खलनायक गाजवलेला गडी! काजळाच्या जाड भुवया, गडगडाटी हसू. लोक ढेकळं मारत आणि याची छाती फुगे. खोटं कशाला बोला, ढेकळं कमी पडली तर त्याला जेवण जात नसे.

यंदा तालमीत त्याने पाळक गुणवंतरावांना सहज विचारलं, "येशूबाबाची जात कोणती जी?"

"यहुदी."

"अन् मायची?"

"तेबी यहुदीच. चेलेबी सारे. तुमाले मालूम नाई?"

वीस वर्षं नाटक करून मालूम नव्हतं! इसरूला स्वतःचीच शरम वाटली. मागे कुणा एकाने तळ्यात विष कालवलं, तर शिव्या इसरूच्या सगळ्या ढिवर मोहल्ल्याला, मासे धरणाऱ्या साऱ्यांनाच पडल्या होत्या. त्याच्या सात वर्षांच्या भाग्यश्रीलाही विहिरीवरून हाकललं होतं. आपणही दरसाल यहुद्यांचं हेच करून राह्यलो, हे त्याला फार लागलं.

"मंग मयताले खांदा कोणं देल्ला?"

"यहुद्यानंच. त्याईच्याच पंचायतीतला एक माणूस होता."

नाटकात मात्र मयत रोमी शिपाई उचलून नेत. "यंदा मी उचलतो," इसरू म्हणाला. "तोंडाचा रंग न धुता."

"लोक हासतीन भाऊ. नाटकाचा इस्कोट होईन," गुणवंतराव घाबरून म्हणाले. पण नाही म्हणाले नाहीत.

शुक्रवारी गावातली मैना येशूची माय मरिया झाली होती. मयत मांडीवर घेऊन ती रडू लागली, तेव्हा इसरू रंगवलेल्या तोंडाने पुढे झाला. "यहुदी आला!" म्हणत लोकांत हशा उसळला. एक ढेकूळ कपाळावर बसलं. शिपाई झालेला हेमराज आडवा आला. "हात नोको लावू!" हे काही नाटकातलं बोलणं नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा इसरूला ढेकूळ दुखलं.

त्याने शेला काढून खांद्यावर टाकला.

"सरक बाबू," तो म्हणाला. "मयत आमच्या घरचं आहे."

नाटकात मैनाला तिथे एकही वाक्य नव्हतं. तिने पदराने डोळे पुसले आणि बाजूला सरून जागा केली.

"ये मामा," ती म्हणाली. "डोस्कं सांभाळजो माह्या लेकराचं."